डावखुरा रस्ता

टेक्ससमधल्या प्लेनोला पानगळ उशिरा येते. शिकागोत झाडं उघडी होऊन हिमाची वाट बघत उभी असतात, तेव्हा इथल्या ओकच्या पानांना कुठे आठवतं की आपल्याला गळायचं आहे. मग ती एकेक करून, कुरकुरत, नाइलाजाने खाली येतात. आणि जरा कुठे टेकतात न टेकतात तोच पाठीला मशीन बांधलेला एक माणूस येतो आणि कान किटवणारा आवाज करत, वाऱ्याच्या झोताने त्यांना ढकलत घेऊन जातो. माझ्या मुलाच्या, समीरच्या, या वस्तीत पानाला पडून राहायची मुभा नाही.

काल मात्र तो आला नव्हता. सकाळी दार उघडलं तर पायरीवर ओली पानं चिकटली होती. त्यांचा वास आला. चहाच्या चोथ्यासारखा, किंचित कडवट, किंचित गोड. आणि मी प्लेनोत राहिलोच नाही. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन पोचलो, चार वर्षांपूर्वीच्या पानगळीत.

त्या पानगळीत मी एक चित्र केलं. लोकांना ते फार आवडलं. ते चुकलं होतं, आणि ती चूक दुरुस्त करायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी बोललो नाही, आणि त्याची किंमत कुसुमताईंनी मोजली. ज्या घरांत ते चित्र अजून भिंतीवर असेल त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर ते एकदा आरशासमोर धरावं, एवढीच विनंती आधी करून ठेवतो.

तेव्हा मी अमेरिकेत नवा होतो. सांगलीला पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून आयुष्य गेलं. कालवे, बंधारे, चाऱ्या यांचे नकाशे काढायचे. नकाशात पाणी असतं, दगड असतो, उतार असतो, माणूस नसतो. घरी माणूस म्हणजे माझी बायको, मालती होती. ती गेली आणि समीर मला इकडे घेऊन आला. तो आणि सूनबाई मुग्धा सकाळी कामाला गेले की डेव्हनच्या मागच्या गल्लीतलं ते घर इतकं शांत व्हायचं, की फ्रिज कधी चालू होतो आणि कधी बंद होतो ते मला पाठ झालं होतं.

इमारतीचं धुण्याचं मशीन बिघडलेलं होतं, ते माझ्या पथ्यावर पडलं. कपड्यांचं गाठोडं घेऊन मी डेव्हनवरच्या लाँड्रीत जायचो. आत कपडे वाळवणाऱ्या मशीनची ऊब, साबणाचा वास, आणि रस्त्याकडे तोंड करून एक बाक. कपडे वाळले तरी मी तिथून उठायचो नाही. काचेपलीकडे सबंध रस्ता चालू असायचा. साड्यांच्या दुकानांतल्या गोऱ्या पुतळ्या, कपाळाला टिकली लावून, शालू नेसून उभ्या. पार्किंगच्या एका जागेसाठी दोन गाड्या नाकाला नाक लावून भांडताहेत आणि मागे बस हॉर्न वाजवतेय. भाजीच्या खोक्यांपाशी बायका भेंडीचं टोक मोडून बघताहेत आणि वर ‘कृपया भेंडी मोडू नये’ अशी चार भाषांत पाटी. पुण्याची, नागपूरची पोरं तांदळाचं पोतं दोघांत धरून, वधूला मंडपात न्यावं तसं जपून नेताहेत. आणि या सगळ्यावर, येताजाता, वरून पिवळी पानं.

समोर किराणा दुकान होतं. त्याच्या दर्शनी काचेत कुसुमताईंचा काउंटर. कुसुमताई नागपूरच्या. मुलीच्या बाळंतपणाला आल्या आणि राहिल्या. पुढे मुलगी आणि जावई अ‍ॅशबर्नला गेले, पण या गेल्या नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

“जाऊन आली न मी तिथे. रस्त्यावर माणूस दिसत नाही बाप्पा. नुसत्या बिनखिडक्यांच्या इमारती. त्यात कंप्युटर राहतात म्हणे. कंप्युटरांना काय मी वरण वाढू?”

म्हणून त्या डेव्हनवर पोरांना वाढत होत्या. दुपारी तिथेच उभ्याने जेवणारे वेगळे आणि संध्याकाळी डबा नेणारे वेगळे. स्वतःची जुनी व्हॅन चालवून काही डबे पोचवायच्या. एका कानाला सदा फोन. आणि तोंडाचा पट्टा असा की वाढून घेणारा पोरगा प्लेट पुढे करताना आपोआप सरळ उभा राहायचा. “परवाचाच शर्ट? वरण मिळेल, पण उद्या आंघोळ करून यायचं.” पोरं त्यांना घाबरायची, आणि तरी रांग त्यांच्याचकडे लागायची. परदेशात आपल्याला कुणीतरी हक्काने रागावावं, यासारखं सुख नाही.

मी हे सगळं काचेतून बघायचो. निदान बघतो असं मला वाटायचं.

त्याच सुमारास जवळच्या लायब्ररीच्या तळमजल्यावर जुन्या विलायती छापचित्रांचं एक छोटं प्रदर्शन लागलं होतं. अठराव्या शतकातलं लंडन, आणि तेही रस्त्यावरचं. मला वाटलं, राजे-राण्या असतील. आत गेलो तर हा नुसता रामरगाडा! एक जाडजूड गृहस्थ दोन भोयांच्या खुर्चीत बसून निघालाय आणि भोयांपैकी एकाचा पाय कुत्र्यावर पडलाय. कुत्र्याच्या तोंडात कुणाचंतरी मटण. वरच्या खिडकीतून एक बाई खुशाल भांडं ओततेय आणि खाली एक छानछोकीवाला मान वर करून बघतोय, नको त्याच क्षणी. दूधवाली आणि मासेवाली एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात. एका साहेबाच्या डोक्यावरचा केसांचा टोप वाऱ्याने उडून चिखलात पडलाय आणि त्याचा तुळतुळीत गोटा बघून भिकारीसुद्धा खिदळतोय. काळ्या रेघा, वरून हातांनी भरलेले फिके रंग. कुणाला सोडलेलं नाही.

मी मोठ्याने हसलो. मालती गेल्यानंतर पहिल्यांदा. हसलो आणि दचकून आजूबाजूला पाहिलं, लायब्ररी होती ती. मागे एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. ती म्हणाली, “हसा, हसा. त्यासाठीच आहेत ती.” या रूथबाई. वरच्या मजल्यावर त्या माझ्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्यांना छापचित्रं करायला शिकवत.

रूथबाईंनी मला एकेका चित्रापुढे उभं करून बघायला शिकवलं. “गाडीवानाचा चाबूक कुठल्या हातात आहे?” डाव्या. “लिहिणारा कारकून?” डावा. “ही पत्ते वाटणारी?” डावाच. मी विचारलं, “सगळं लंडन डावखुरं होतं का?” त्या हसल्या. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढलेली रेघ कागदावर उतरताना उलटते. उजवं ते डावं होतं. काही चित्रकार आधीच सगळं उलटं काढायचे. बाकीचे घाईत असायचे. सकाळी रस्त्यात काही गंमत घडली की दोन दिवसांत तिचं चित्र दुकानाच्या काचेत लागायला हवं. हाताबिताकडे कोण बघतो?

तशा एका दुकानाचंही चित्र तिथे होतं. काचेत चित्रं टांगलेली, बाहेर ही गर्दी, सगळ्यांची तोंडं हसून वासलेली. कडेला एकटाच माणूस हॅट खाली ओढून उभा.

“याला काय झालं?” मी विचारलं.

“कोण जाणे,” रूथबाई म्हणाल्या. “काचेतल्या चित्रात तो असेल.”

म्हणजे मला दोन्ही गोष्टी सांगून झाल्या होत्या. रेघ उलटते ही, आणि चित्रातला माणूसही रस्त्यावरच राहतो ही.

मी डेव्हनचं चित्र करायला घेतलं. आख्खा ऑक्टोबर त्यात गेला. सकाळी लाँड्रीच्या बाकावर कच्ची चित्रं, दुपारी रूथबाईंच्या वर्गात तांब्याचा पत्रा. सुई धरली की हात पूर्वीसारखा स्थिर व्हायचा. पार्किंगचं भांडण काढलं. शालू नेसलेल्या गोऱ्या पुतळ्या काढल्या, त्यांच्याकडे बघत विजेच्या खांबावर आपटणारा एक पोरगा काढला. भेंडी मोडणाऱ्या बायकांच्या पायाशी भेंडीच्या टोकांचा ढीग काढला. न्हावी, पानवाला, बस, बसमागे धावणारे आजोबा, म्हणजे मी. आणि मधोमध, सगळ्यांहून मोठ्या, कुसुमताई. एका हातात कानाला लावलेला फोन, दुसऱ्या हातात पळी, आणि समोर प्लेटा घेतलेल्या पोरांची रांग. पुढचा सगळ्यांत लहान, जणू बालवाडीतला.

दुकानांच्या पाट्यांना मात्र मी फार जपलो. नकाशात एखादं अक्षर चुकलं तर साहेब सबंध कागद परत करायचे, ती धास्ती बोटांत मुरलेली. मुग्धाचा छोटा आरसा समोर ठेवून प्रत्येक पाटी मी उलटी कोरली, इंग्रजी, हिंदी, गुजराती, आणि डोळे फाडून उर्दूसुद्धा. हात मात्र मी हातासारखे काढले. उजवा तो उजवा.

प्रेसचं चाक फिरलं, ओला कागद सोलून वर आला आणि पाट्या सुलट! मला इतका आनंद झाला की बाकी काही दिसलंच नाही. रूथबाईंनी शाई पाहिली, रेघांची खोली पाहिली आणि “छान” म्हणाल्या. कुठल्या हाताने वाढावं याचा विधिनिषेध त्यांच्याकडे नाही. रस्ता उलटा पडलाय हे त्यांनी पाहिलंच असणार, पण जुन्या चित्रांतही तो तसाच पडे.

आमच्या तिथल्या मराठी मंडळाची एक हौस होती. दिवाळीचं जेवण बुफे नाही, पंगतच. शनिवारी एका शाळेचं जिम भाड्याने घ्यायचं आणि लाकडी जमिनीवर, बास्केटबॉलच्या आखलेल्या रेघांवर, सतरंज्यांच्या रांगा टाकायच्या. पानं कागदाची असली तरी वाढणं रीतीने. सुरुवात मिठाने, आणि ते मीठ वाढायचा मान कुसुमताईंचा. कुणी दिलेला नव्हे. त्या पहिल्या वर्षी मिठाची वाटी घेऊन निघाल्या आणि मग तसंच ठरून गेलं.

त्या वर्षी समीरने माझं चित्र चौकटीत घालून जिमच्या भिंतीला लावलं. बघता बघता गर्दी झाली.

“अरे, हा नित्या! पोतं बघ कसं धरलंय.”

“मी नाहीये तो. माझे केस बघ आणि त्याचे बघ.”

“तुझे आता तितकेच राहिलेत.”

“काका, ही मी का? मी इतकी जाडी आहे?”

“स्वेटर आहे गं तो,” मी म्हणालो, आणि हशा पिकला. मला सांगायला हवं, तो हशा मला फार गोड लागला. कालव्याच्या नकाशाला कधी कुणी हसलं नव्हतं. “काय आपलं वाटतं नाही चित्र!” असं कुणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मग नितीन, ज्याला सगळे नित्या म्हणत, काचेला नाक लावून ओरडला, “ए, हे बघितलं का? मावशी डाव्या हाताने वाढतेय! फोन उजव्या हातात आणि आपल्याला डावा!”

सगळे पुढे झुकले. खरंच होतं. फोन उजव्या हातात आणि पळी डाव्या.

“म्हणजे फोन इम्पॉर्टंट, आपण काय, उपटसुंभ!”

“काय मारलंय यार काकांनी!”

“चूक असेल रे,” कुणी भला माणूस म्हणाला. “छापताना उलटं होतं ना?”

तेव्हा पुण्याचे एक जाणकार गृहस्थ पुढे आले. खरे त्यांचं नाव. त्यांनी चष्मा वर सरकवला. “चूक नाही. पाट्या वाचा. एकूण एक सुलट आहे. ज्याला अक्षराचं भान आहे त्याला हाताचं नसेल? मुद्दाम केलंय. याला म्हणतात सॅटायर.” आणि माझ्याकडे वळून, “काय शेवडे, मुद्दाम ना?”

त्याच क्षणी मला कळलं होतं काय झालंय ते. ‘नाही हो, विसरलो,’ एवढं म्हणायचं होतं. पण सगळं जिम माझ्याकडे बघत होतं, मी हुशार आहे अशा खात्रीने. मी मंद हसलो आणि म्हणालो, “चित्रकाराने आपल्या चित्राबद्दल बोलू नये.”

ते वाक्यसुद्धा लोकांना आवडलं, आणि चित्राच्या छापलेल्या प्रती बऱ्याच घरांत गेल्या.

कुसुमताई मिठाची वाटी घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी चित्र पाहिलं. मग मला पाहिलं. मग स्वेटरची बाही ओढून बोटांपर्यंत आणली आणि शेजारच्या मुलीला म्हणाल्या, “मीठ तू वाढ गं.” वाटी टेबलावर ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी पंगतीत त्या आल्या नाहीत. पुढच्या दिवाळीतही नाही.

आपल्याकडे माणूस चिडका चालतो, फटकळ चालतो. पण डाव्या हाताने वाढणं म्हणजे समोरच्याला भिकारी समजणं. हे कुणी शिकवावं लागत नाही, पाळण्यातच कळतं. म्हणून तर त्या चित्रात नेमका तोच हात सगळ्यांना दिसला. पोरं त्यांना ‘डावी मावशी’ म्हणायला लागली. वाईट मनाने नव्हे, नुसतं गमतीने. लाँड्रीत एकदा एक पोरगा फोनवर विचारत होता, “आज डाव्या मावशीकडून आणू का?” हा तर नव्यानेच आलेला होता, त्याने चित्र पाहिलंही नव्हतं. विनोद एकदा रस्त्यावर सुटला की त्याला चित्राची गरज उरत नाही. काउंटरवरचं वाढणं कुसुमताईंनी बंद केलं. आता सगळं झाकण लावलेल्या डब्यांत मिळायचं, आणि शर्टावरून कुणाला बोलणी बसत नव्हती. पोरं म्हणायची, मावशी हल्ली शांत झाली.

मला मात्र मंडळाने त्या हिवाळ्यात अठराव्या शतकातल्या व्यंगचित्रांवर भाषण द्यायला बोलावलं. मी दिलंही. टाळ्या पडल्या. बाहेर बर्फ होता आणि मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने घरी आलो, म्हणजे किराणा दुकान लागू नये.

पुढच्या वसंतात मुग्धा गाडी चालवायची परीक्षा द्यायच्या तयारीत होती. नियमांचं पुस्तक घेऊन घरभर फिरायची. एकदा भिंतीवरच्या चित्रापुढे थबकली. “बाबा, बस राँग साइडने चाललीय.”

मी उठून पाहिलं. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, आणि बस डाव्या बाजूने चालली होती. सगळ्या गाड्या डाव्या बाजूने चालल्या होत्या. न्हाव्याची कात्री डाव्या हातात, पानवाल्याचा चुना डाव्या हाताने, भेंड्या डाव्या हाताने मोडल्या जात होत्या. सगळा रस्ता डावखुरा होता. जिममधल्या एकालाही ते दिसलं नव्हतं, कारण डावीकडून चालणारी गाडी आपल्याला चुकीची वाटतच नाही. उलट तिच्यामुळे तर त्यांना ते चित्र इतकं ‘आपलं’ वाटलं असेल! चूक होती याचा पुरावा इतके दिवस सगळ्यांसमोर टांगलेला होता, आणि आम्हाला त्यात दिसला फक्त एका बाईचा हात.

“मग सांगा ना त्यांना,” मुग्धा म्हणाली.

“सांगेन,” मी म्हणालो.

आणि समीरच्या कंपनीने त्याला प्लेनोला हलवलं. मोठं घर, मोठा रस्ता, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. कुणालाही न भेटता राहायची सोय झाली.

न सांगितलेल्या गोष्टीचं असं असतं की ती जुनी होत नाही. दर पानगळीत ती हिरवीच. इथे कुणाच्या घरी जेवायला गेलो आणि यजमानीण वाढायला आली, की माझी नजर तिच्या हातावर जायची. त्या लंडनच्या चित्रांची पुस्तकं समीरने हौसेने आणून दिली, तीही मी उघडेनासा झालो. ते चित्रकार कसे होते मला ठाऊक नाही. मला वाटतं, त्यांच्यातले चांगले होते ते चिखलात पडलेल्या टोपाला हसले, पण तो टोप शोधत वाकलेल्या माणसाची पाठ त्यांनी नीट पाहिलेली असते. तिच्यावरची एकेक सुरकुती खरी असते. मी काय पाहिलं होतं?

या वर्षी दिवाळीला जुन्या मंडळाचं बोलावणं आलं आणि मी समीरला म्हटलं, मला शिकागोला जायचंय, एकट्याने. त्याने तिकीट काढून आणलं.

तेच जिम होतं. मी तडक मागे शाळेच्या स्वयंपाकघरात गेलो. कुसुमताई मोठ्या पातेल्यापाशी होत्या. केस पिकले होते, बाकी तशाच.

“अरे बाप्पा, शेवडेकाका! उभे का? त्या खोक्यावर बसा. लसूण सोलता येते?”

“येते.”

“मग हे घ्या. नुसतं बोलत बसू नका.”

मी लसूण सोलत सांगितलं. पत्रा, सुई, आरसा, पाट्या, हात. मी विसरलो होतो हे. आणि विचारलं तेव्हा, जिममध्ये, मला माहीत होतं हेसुद्धा. त्या ढवळत होत्या. माझं संपल्यावर पळी थांबली.

“म्हणजे तुम्ही पाहिलं नव्हतं?”

“काय?”

त्यांनी उजवा हात पुढे करून मनगट दाखवलं. मला तिथे काही दिसलं नाही.

“त्या वर्षी व्हॅनमधून उतरताना पानांवरून घसरली मी. ओली पानं, अशी तेलासारखी. मनगट तडकलं. कोणाला सांगितलं नाही. पोरं म्हणतील, मावशीचं आता होत नाही, दुसरीकडे डबा लावतील. मनगटाला बांधलेल्या पट्ट्यावर स्वेटर ओढून घेतलं नि महिनाभर डाव्या हातानं वाढलं. लाज वाटे, पण करू काय? पोरं आपली प्लेटीत बघत. कोणाच्या लक्षात आलं नाही. नि मग ते चित्र पाहिलं. वाटलं, समोरच्या लाँड्रीत बसतो त्या म्हाताऱ्यानं पाहिलं. पाहिलं, नि भिंतीवर टांगलं.”

मी लसूण खाली ठेवली.

“मी तुम्हाला उजव्या हाताने वाढताना काढलं होतं,” मी म्हणालो. “काढताना. बाईमाणूस वाढतं ते उजव्याने, म्हणून उजवा. मी तिथे रोज बसत होतो कुसुमताई, आणि मी पाहिलंच नव्हतं. पाहून काढलं असतं तर डावा काढला असता. आणि छापताना तो उजवा आला असता.”

त्यांनी पळी या हातातून त्या हातात घेतली, परत या हातात घेतली. हिशेब लागला तसं त्यांच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, आवरेना.

“म्हणजे न पाहता काढलं म्हणून खरं आलं?”

“हो.”

“काय माणूस आहे!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग जरा वेळाने, पातेल्यात बघत, “डावा हात दाखवला याचा राग नव्हता हो मला. वाटलं, पाहिलं तर आत येऊन विचारायचं न, दुखून राहिलं का म्हणून.”

मी विचारलं, “दुखतं का?”

“थंडीत ठणकतं.” आणि लगेच, “पुरे झाली ती लसूण.”

मी म्हणालो की आज हे सगळ्यांपुढे सांगणार आहे. त्यांनी पळी रोखली. “सांगा. पण भाषण करू नका. तुमचं मागचं भाषण ऐकलंय मी, मागे उभं राहून. भात गार होतो तोवर.”

म्हणून मी माइकवर थोडक्यात सांगितलं. चित्रातला सगळा रस्ता उलटा आहे, ती माझी चूक. आणि ती मुद्दाम केली असं तुम्हाला वाटू दिलं, तो माझा खोटेपणा. मनगटाबद्दल तेव्हा बोललो नाही, ते सांगणं माझं नव्हतं. इथे लिहिलंय ते त्यांना विचारून. जिममधले निम्मे चेहरे नवे, त्यांना काही कळलं नाही. जुन्यांना कळलं. नितीन आता बायको आणि कडेवर मुलगी घेऊन उभा होता. कान लाल झाले होते त्याचे.

“मावशी,” तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला, “पहिल्यांदा मीच ओरडलो होतो.”

“माहीत आहे न,” आतून आवाज आला. “तुझा आवाज मला नाही कळणार? किती दिवस डबा खाल्ला माझा. पोरगी जेवली का तुझी?”

खरे उठले. “तरीसुद्धा, कलाकृतीच्या दृष्टीने पाहिलं तर—”

“खरेसाहेब, पान मांडलंय, बसा,” त्यांची बायको म्हणाली, आणि ते बसले.

सगळे बसले. बास्केटबॉलच्या रेघांवरून ओळी लागल्या. जरा वेळ कुणीच वाढायला आलं नाही, आणि दरवर्षी मीठ वाढणारी ती मुलगी, आता चांगली मोठी झालेली, टेबलापाशी वाटी तशीच ठेवून उभी राहिली. मग कुसुमताई पदर खोचत बाहेर आल्या. इकडेतिकडे पाहिलं नाही. वाटी उचलली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्या लोकांचा ऋणी आहे. एक नवा पोरगा म्हणाला, “मावशी, मला मीठ नको, डाएटवर आहे.” त्यावर, “तुझ्या डाएटला नाही वाढत, पानाला वाढते. नि हा शर्ट कधी धुतला होता?” पोरगा गोंधळून सरळ बसला. आजूबाजूचे जुने मान खाली घालून हसायला लागले आणि मग नुसती ताटावरची बोलणी सुरू झाली: भाजी कुठाय, लिंबू पुढे द्या, बाळाला भात आधी.

ओळीने येत येत त्या माझ्यापाशी आल्या. मी वर बघत होतो, त्यांच्या मनगटाकडे, ठणकत असेल का म्हणून.

“पानाकडे बघा काका,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताकडे काय बघून राहिले?”